लघुनौका, गळमासेमारीची
तलाव, धरणांचे जलाशय अशा स्थिर पाण्यात एकट्या व्यक्तीने बसून गळाने मासे पकडण्यासाठी वापरावयाचे हलके तरते साधन. कृत्रिम माशीच्या गळासाठी ते विशेष उपयुक्त ठरते. पिसे व धागे यांची बनविलेली ही माशी जवळजवळ वजनरहित असल्याने ती दूर जाते ती जाड दोरीच्या भारामुळे. त्यासाठी फेकीपूर्वी दोरी पाठीमागे पूर्ण उलगडावी लागते. काठावरील झाडी व चढण यांचा त्यास अडथळा होतो; पाण्यात मागची बाजू मोकळी मिळते.

महाराष्ट्रातील जलाशयांत ट्रकच्या चाकाची फुगविलेली ट्यूब किंवा थर्मोकोलचा तराफा घेऊन जाळी लावणारे मच्छीमार नेहमी आढळतात. अशाच ट्यूबला कापडी बैठक जोडून अमेरिकेत ‘फ्लोट ट्यूब’ प्रचारात आली. तीत बसणाऱ्याचे पाय पाण्यात असतात; पायांतील रबरी वल्ह्यांनी ती पाठीच्या दिशेने सरकते व दोन्ही हात गळासाठी मोकळे राहतात. मात्र बैठक पाण्यालगत असल्याने दोरी उंच ठेवणे अवघड जाते, म्हणून काठी थोडी लांब घेतात. दोन लांबट फुगे व सांगाडा असलेल्या नौकेत बैठक उंच असते आणि वल्हीही मारता येतात. कयाक सर्वांत वेगवान. परंतु वल्हे हातात असेपर्यंत गळ हाताळता येत नाही.

निवड करताना माशापेक्षा वाऱ्याचा विचार आधी करावा लागतो. नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यातील दारणा (१९१६), ऊर्ध्व वैतरणा (१९७३), भावली, मुकणे इ. जलाशय सह्याद्रीच्या माथ्याजवळ आहेत. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा वाढला, की केवळ पायांच्या जोरावर त्याविरुद्ध परतणे दमछाक करणारे व कधी अशक्यही होते. त्यामुळे प्रथम वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जावे व परतीस त्याची मदत घ्यावी. मोठ्या उघड्या पाण्यावर वल्ह्यांची नौकाच योग्य. फ्लोट ट्यूब आडोशाच्या खाडीसारख्या भागात वापरावी. पावसाळ्यात विसर्ग सुरू असताना सांडव्याजवळ कोणतीही लघुनौका नेऊ नये.

पाणी उतरल्यावर बुडालेल्या झाडांचे बुंधे वर येतात. साध्या ट्यूबमध्ये हवेचा एकच कप्पा असल्याने एका छिद्राने आधारच नाहीसा होतो. म्हणून किमान दोन स्वतंत्र कप्पे असलेले साधन घ्यावे. उन्हात हवा प्रसरण पावते व थंड पाण्यात आकुंचते, हे ध्यानी ठेवून काठावर ट्यूब अतिशय ताठ फुगवू नये. तरंगजाकीट घातलेलेच हवे. बैठकीमागे बांधून ठेवलेले निरुपयोगी असते.

कटला मुख्यतः प्लवकांवर जगत असल्याने माशीला क्वचितच लागतो. मरळ व खडशी (महसीर) हे मासे त्यामानाने सहज आकर्षित होतात. अनेक जलाशयांतील मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांकडे असतो व पिण्याच्या पाण्याच्या साठ्यांवर निर्बंध असतात. त्यामुळे नौका उतरविण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. मच्छीमारांच्या जाळ्यांची तरंगती खूण दिसल्यास तेथून दूर राहावे, कारण पायांतील वल्हे त्या जाळ्यात अडकल्यास ते सोडविणे एकट्यास फार कठीण जाते. [→ मत्स्योद्योग].