समुद्राएवढं सुख, डोंगराएवढं आयुष्य

मुलांनो, कुणाचाही वाढदिवस असला की तुम्ही काय म्हणता? ‘हॅपी बर्थ डे!’ आजोबा असोत, मैत्रीण असो की पाळण्यातलं बाळ, शब्द तेच. चीनमध्येही आता ‘शंग-र ख्वाय-ल’ म्हणतात. म्हणजे ‘वाढदिवस आनंदाचा जावो’. पण तिथल्या जुन्या शुभेच्छांची गंमत वेगळीच आहे. समोरच्या माणसाचं वय काय, हे आधी पाहायचं आणि मग तोंड उघडायचं!

सगळ्यात लहानापासून सुरुवात करू. चीनमध्ये बाळ एक महिन्याचं झालं की घरात समारंभ करायची जुनी पद्धत आहे. आपण पेढे वाटतो ना, तशी तिथे लाल रंगवलेली अंडी वाटतात. लाल रंग शुभ! शंभर दिवस झाले की पुन्हा आनंद. त्या वेळी म्हणतात, ‘छांग मिंग पाय स्वे’. अर्थ, ‘दीर्घायुषी हो, शंभर वर्षं जग.’ हीच अक्षरं कोरलेलं चांदीचं छोटं कुलूप बाळाच्या गळ्यात घालतात.

कुलूप कशाला बरं? पूर्वी लशी नव्हत्या, आजच्यासारखी औषधं नव्हती. पुष्कळ बाळं पहिल्या काही महिन्यांतच दगावायची. बाळाचा जीव घरातच कुलूपबंद राहावा, कुणी तो नेऊ नये, असं आईबापांना वाटे. म्हणजे ही शुभेच्छा नुसती आनंदातून नाही, काळजीतून जन्मली. आपल्याकडची काजळाची तीट आठवली ना?

आता म्हाताऱ्या माणसांकडे वळू. त्यांच्यासाठी शुभेच्छांची एक जोडीच आहे. ‘फू रू तुंग हाय, शौ पी नान शान.’ म्हणजे ‘तुमचं सुख पूर्वेच्या समुद्राएवढं असो, तुमचं आयुष्य दक्षिणेच्या डोंगराएवढं असो.’ मोजून पाहा, चार अक्षरं इकडे, चार तिकडे. सुखासमोर आयुष्य, पूर्वेसमोर दक्षिण, समुद्रासमोर डोंगर! चीनच्या पूर्वेला खरोखरच समुद्र आहे. आणि शिआन शहराच्या दक्षिणेचे चुंगनान डोंगर म्हणजेच तो दक्षिणेचा डोंगर, असं पुष्कळजण मानतात. ही शुभेच्छा मात्र तुमच्या वर्गमित्राला देऊ नका हं, ती आजी-आजोबांसाठी राखून ठेवलेली आहे.

साठावा वाढदिवस तर फारच मोठा. का? चिनी पंचांगात १० चिन्हांची एक माळ आणि १२ चिन्हांची दुसरी माळ एकाच वेळी फिरत असते. पहिली जोडी पुन्हा कधी येईल? १० आणि १२ यांचा लसावि काढा पाहू. ६०! म्हणजे साठीला कालचक्राचा एक फेरा पुरा होतो. आपल्याकडेही प्रभवापासून सुरू होणारी संवत्सरं ६०च आहेत आणि आपणही साठीशांत करतोच की!

वाढदिवसाच्या ताटातसुद्धा शुभेच्छा असतात. लांबच लांब नूडल्स करतात, आयुष्य तसंच लांब व्हावं म्हणून. त्या शक्यतो न तोडता सुर्रकन ओढायच्या. पीच फळाच्या आकाराचे वाफवलेले गोड पावही असतात. पश्चिमेच्या राणीमातेच्या बागेत अमर करणारे पीच पिकतात, अशी तिथली जुनी कथा आहे.

भेट देताना मात्र जपून! घड्याळ देऊ नये. चिनी भाषेत ‘घड्याळ भेट देणं’ आणि ‘मरणाऱ्याला अखेरचा निरोप देणं’ या दोन्हींचा उच्चार सारखाच होतो.

पाहिलंत ना, शुभेच्छा म्हणजे पाठ केलेलं वाक्य नव्हे. समोरच्या माणसाला काय हवं आहे आणि आपल्याला त्याची कसली काळजी वाटते, ते त्यात असायला हवं. आपली आजीही ‘औक्षवंत हो’ म्हणते, ते उगाच नाही. तिच्या पुढच्या वाढदिवसाला तुम्ही तिला काय म्हणाल? आठ अक्षरांत बसवून पाहा बरं!