रक्तशर्करेची तपासणी : थेंब कोठून घ्यावा?

जमाखर्चाचा मेळ रोजच्या रोज पाहणे हे व्यापाऱ्याचे पहिले कर्तव्य होय. रक्तातील साखरेचा मेळही ज्यांना असाच पाहावा लागतो, अशी कुटुंबे धार व देवास येथील आपल्या बाजारपेठांतही आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व सन २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक असल्याचा अंदाज देण्यात आला. तपासणीचे लहानसे यंत्र आता अनेक घरी असते. परंतु थेंब कोठून घ्यावा, याचा विचार क्वचितच होतो.

सर्वांत विश्वसनीय स्थान म्हणजे बोटाचे अग्र. सुई मध्यभागी न टोचता कडेला टोचावी. तेथे वेदना कमी होते. नोटा मोजणे, लेखणी धरणे ही कामे अंगठा व तर्जनी यांची. म्हणून मध्यमा किंवा अनामिका निवडावी व बोट आळीपाळीने बदलावे. तत्पूर्वी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. गूळ किंवा फळाचा अंश बोटास राहिल्यास आकडा खोटाच वाढतो, आणि त्यावर विसंबून इन्शुलिन अधिक घेतल्यास प्राणावर बेतू शकते.

काही यंत्रांना तळहात, अग्रबाहू किंवा मांडी येथील रक्तही चालते. यंत्राच्या माहितीपत्रकात तसा उल्लेख मात्र हवा. अग्रबाहूच्या त्वचेतील रक्तप्रवाह बोटापेक्षा मंद असल्याने साखर वेगाने चढत वा उतरत असता तेथील आकडा मागे राहतो. कधी अर्धा तासही. म्हणून जेवणानंतर दोन तासांच्या आत, इन्शुलिन किंवा व्यायामानंतर, तसेच घाम, कंप, भोवळ जाणवताच बोटाचेच रक्त घ्यावे. आकडा ७० हून कमी आल्यास सुमारे १५ ग्रॅम साखर पाण्यातून घेऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. दंडावर लावावयाचे संवेदकही त्वचेखालील द्रवातील साखर मोजतात. त्यांचाही आकडा काही मिनिटे मागे असतो.

आपल्यापैकी अनेकजण सूर्यास्तापूर्वी भोजन करतात. त्यामुळे रात्रीचे अंतर बारा तासांहून अधिक होते. इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी या नियमाची, तसेच उपवासाची कल्पना वैद्यांस आधीच देऊन औषधाचे प्रमाण ठरवून घ्यावे.

एकत्र कुटुंबात आणखी एक दक्षता हवी. एकाची सुई दुसऱ्याने कदापि वापरू नये; त्यातून यकृतास घातक असा कावीळीचा संसर्ग संभवतो. तसेच रोगाचे निदान घरच्या आकड्यावर न करता प्रयोगशाळेत शिरेतील रक्त देऊनच करावे.

वहीत चुकलेला आकडा दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येतो. शरीराच्या हिशेबात तेवढी सवड नेहमीच मिळते असे नाही.