सायकल : रूप जुने, अंग नवे

नांदेडहून येणारा रस्ता जिथे दुभंगून एक हिंगोलीकडे आणि दुसरा हदगाव-यवतमाळकडे जातो, ते ठिकाण म्हणजे वारंगा फाटा. एस.टी. गाड्या, मालमोटारी, खिचडी खाण्यासाठी थांबलेले प्रवासी यांची तेथे सदैव गर्दी. तुम्ही त्या भागातले असाल तर तेथे, नाहीतर तुमच्या गावच्या फाट्यावर, शाळा भरण्याच्या वेळी अर्धा तास उभे राहा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सायकली नीट पाहा. मोटारसायकलींच्या मानाने त्या थोड्याच दिसतील, पण त्यांत तुम्हाला साधारणपणे दोन जाती आढळतील. एक काळी, उंच, चामडी सीटची आणि सळ्यांच्या ब्रेकची; तिच्यावर बहुधा दुधाचे कॅन किंवा चाऱ्याचा भारा असतो. दुसरी रंगीबेरंगी, जाड टायरांची, पुढच्या चाकाला 'शॉकअप' असलेली; तिच्यावर बहुधा तुमच्याच वयाचा कोणीतरी असतो.

तिसरी एक जात आहे. ती फाट्यावर क्वचित, पण पुण्या-मुंबईच्या दुकानांत हमखास दिसते. ती अगदी नवी असते, पण वेष जुना घालते. तपकिरी सीट, मागे वळवलेले हँडल, पुढे वेताची टोपली, फिकट पिवळे टायर. या वेषाला 'रेट्रो' म्हणतात. किंमत पाहिली तर तीत काळ्या सायकलीची जोडी यावी!

आता प्रश्न असा, की यांतले चांगले कोणते? जुने ते सोने म्हणावे, की नवे ते उत्तम म्हणावे? माझ्या मते प्रश्नच चुकीचा आहे. सायकलीच्या कोणत्याही भागाला वय विचारू नये, काम विचारावे. त्याच्यातून कोणता जोर जातो, कोठून येतो आणि कोठे पोचतो, हे एकदा कळले की वेष कोणता आणि अंग कोणते हे आपोआप उघडे पडते.

सीटपासूनच सुरुवात करू. काळ्या सायकलीच्या जुन्या पद्धतीच्या सीटवर मागच्या बाजूला ओळीने पितळी वा लोखंडी रिव्हेट दिसतात. ते शोभेचे नाहीत. अशा सीटच्या आत गादी नसतेच. एक जाड चामडे पुढच्या टोकापासून मागच्या पट्टीपर्यंत ताणलेले असते, आणि ते ताणून धरण्याचे काम हे रिव्हेट करतात. म्हणजे ही सीट ही एक छोटी बाजच होय! बाजेचे दोर सैल पडले की आपण ते ओढून घेतो. तसाच या सीटच्या नाकाखाली एक नट असतो, तो फिरवला की चामडे पुन्हा ताणले जाते. खालच्या वेटोळ्या स्प्रिंगा खड्ड्याचा धक्का झेलतात. इंग्लंडात जॉन ब्रुक्स यांनी १८८२ साली अशा चामडी सीटचे पेटंट घेतले. तिचा दोष एकच, पण मोठा : पावसात भिजली की चामडे लोंबते.

आता तिसऱ्या जातीची तपकिरी सीट उलटी करून पाहा. बहुतेक वेळा आत फोमची गादी, वर रेक्झिन, आणि कडेला ओळीने रिव्हेट! हे रिव्हेट काहीही ताणून धरत नाहीत, कारण ताणण्यासारखे काही नाहीच. ते काढून टाकले तरी सीट तशीच राहील. फोमची सीट वाईट असते असे नाही. ती भिजून लोंबत नाही आणि स्वस्तही पडते. पण तिच्यावरचा रिव्हेट हा खरा भाग नव्हे, ते रिव्हेटचे चित्र आहे.

काळ्या सायकलीचे घराणे पाहिले तर तिच्या रूपाचे कारण समजते. १८८५ साली इंग्लंडात जे. के. स्टार्ली यांनी 'रोव्हर' ही सायकल बाजारात आणली. जवळपास सारखी दोन चाके आणि मागच्या चाकाला साखळीने गती, ही आजची मांडणी तिनेच रुजवली. १८८८ साली डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. गंमत अशी, की त्याच १८८८ साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान काढले. पुढचा सारा किर्लोस्कर उद्योग त्या दुकानातून वाढला. स्वातंत्र्याच्या सुमारास आणि नंतर मुंबईत वरळीला हिंद सायकल्स, मद्रासला टी. आय. सायकल्स (१९४९), सोनीपतला अ‍ॅटलस (१९५१), लुधियानाला हीरो (१९५६) असे कारखाने उभे राहिले. त्यांनी इंग्रजी 'रोडस्टर' सायकलीचा नमुना घेतला आणि पिढ्यान्‌पिढ्या तो फारसा बदलला नाही. याला आळस म्हणणारे आहेत. पण खडीचा रस्ता, पाठीवर पोते आणि झाडाखाली हातोडी-पाना घेऊन बसलेला मिस्त्री, या तीन अटी ज्याने पाळायच्या त्याला बदलायला जागा थोडीच होती. (अशा जुन्या सायकली एकत्र पाहायच्या असतील तर पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय आहे. सहल गेली तर जरूर पाहा.)

मिस्त्री आणि हातोडी यांचा संबंध कळण्यासाठी पायडलचा दांडा, म्हणजे क्रँक, पाहा. क्रँक आसाला कशाने पकडलेला असतो? काळ्या सायकलीत एका बोटभर लांब लोखंडी खिळ्याने, त्याला कॉटर म्हणतात. त्याची एक बाजू तिरपी घासलेली असते. कुऱ्हाडीच्या दांड्यात आपण पाचर ठोकतो, तीच ही युक्ती. आता या बिचाऱ्या पाचरीवर किती जोर येतो पाहा. क्रँकची लांबी सुमारे १६५ मिलिमीटर आणि आसाची त्रिज्या सुमारे ८ मिलिमीटर. म्हणजे ही तरफ जवळजवळ २० पटींची. तुमचे वजन ५० किलोग्रॅम असेल आणि चढावर तुम्ही डाव्या पायडलवर उभे राहिलात, तर आसाच्या पृष्ठभागापाशी पाचरीवर येणारा जोर सुमारे १००० किलोग्रॅम वजनाइतका! कॉटर नीट ठोकून बसवला नसेल तर तो झिजणारच, आणि दर फेरीला 'कट्‌' असा आवाज येणारच. नुसता नट आवळून ही पाचर बसत नाही. ती ठोकावी लागते. नट आहे तो ती मागे सरकू नये म्हणून.

नव्या सायकलीत आसाचे टोक चौकोनी आणि निमुळते असते. क्रँकमध्ये तसेच चौकोनी भोक, आणि एक बोल्ट क्रँकला आसावर ओढून बसवतो. १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये ही पद्धत आली. एका खिळ्याऐवजी चार सपाट पृष्ठभाग जोर वाटून घेतात, म्हणून ती अधिक पक्की. पण बोल्ट ढिला झालेला असताना तुम्ही तशीच सायकल चालवलीत, तर अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँकचे चौकोनी भोक गोलसर होते आणि मग पुरा क्रँक फेकावा लागतो. तो काढायलाही वेगळे हत्यार लागते. कॉटर खराब झाला तर किरकोळ पैशांत दुसरा मिळतो. नवे येथे सरस आहे, यात शंका नाही; मात्र त्याची चूक महागात पडते.

छर्ऱ्यांचीही तीच कथा. जुन्या हबमध्ये सुटे छर्रे असतात, ते ग्रीस लावून कोणीही बदलू शकतो. नव्या भारी हबमध्ये बंद डब्यासारखे बेअरिंग असते. त्यात धूळ सहसा शिरत नाही, पण बिघडले तर सबंध बदलावे लागते.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, ब्रेक. फाट्यावर मालमोटारींच्या शेजारून जाणाऱ्याने तरी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

काळ्या सायकलीत मुठीखालच्या तरफेपासून लोखंडी सळ्या निघतात आणि रबराचे दोन तुकडे रिमच्या आतल्या अंगाला, म्हणजे केंद्राच्या बाजूकडून, वर खेचतात. १८९६ साली बाउडेन यांनी नळीतून जाणाऱ्या तारेचे पेटंट घेतले आणि मग तारेचे ब्रेक आले; त्यांत रबरे रिमला दोन्ही बाजूंनी चिमटा घेतात. सळई तुटत नाही, तिचे धागे उसवत नाहीत, नळीत गंज धरून ती अडकत नाही. शिवाय चाक डावी-उजवीकडे थोडे डुगडुगत असले तरी सळ्यांच्या ब्रेकला फरक पडत नाही, कारण त्याचे रबर बाजूने लागतच नाही. बैलगाडीच्या रस्त्यावर हा मोठाच गुण होता. पण सळ्यांना सांधे असतात. मुठीपासून रबरापर्यंत पाच-सहा सांधे आहेत आणि प्रत्येकात अर्धा मिलिमीटर ढिलाई आहे असे समजा. रबर हलण्यापूर्वीच अडीच-तीन मिलिमीटर खर्ची पडले!

खरा घात होतो तो पावसात. जुनी रिम पोलादाची आणि वर चकचकीत मुलामा. ती दिसते सुंदर. पण तिच्या गुळगुळीत पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर बसला की रबर त्यावरून घसरते आणि घर्षण एकदम उतरते. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर रबर तो थर लवकर पुसून काढते. डिस्क ब्रेकची चकती तर चिखलापासून दूर, चाकाच्या मध्याशी असते, आणि तिच्यावरच्या पट्ट्यांचा दाब एवढा असतो की पाणी टिकत नाही.

थोडे गणित करू. ताशी १५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ४.२ मीटर. समोर काही आले हे पाहून ब्रेक दाबायला एक सेकंद लागला, तर तेवढ्यात ४.२ मीटर गेलेच. पुढचे अंतर 'वेगाचा वर्ग भागिले मंदनाच्या दुप्पट' या सूत्राने काढता येते. कोरड्या रिमवर मंदन ३ मीटर प्रतिसेकंद वर्ग मिळते असे धरा : २.९ मीटर. ओल्या पोलादी रिमवर ते १ वर आले असे धरा : ८.७ मीटर. एकूण सुमारे ७ मीटर आणि १३ मीटर. मधला फरक ६ मीटरांचा, म्हणजे एखाद्या छोट्या मालमोटारीच्या लांबीएवढा.

मग आजोबांच्या सायकलीला नवे ब्रेक लावून टाकू, असे तुमच्या मनात आले असेल. येथे एक अडचण आहे. सळ्यांच्या ब्रेकसाठी केलेल्या रिमची आतली बाजू सपाट आणि कडेची बाजू गोलसर असते. चिमट्याच्या ब्रेकला कडेची सपाट जागा हवी. म्हणजे ब्रेक बदलायचा तर रिम बदला, आणि रिम बदलली की तारा पुन्हा विणा. सायकलीचा एकेक भाग सुटा दिसतो, पण त्याची सोयरीक ठरलेली असते.

एवढे वाचून कोणी म्हणेल, 'बरे झाले, माझी सायकल शॉकअपची आणि डिस्कची आहे!' थोडे थांबा. स्वस्त सायकलीचा शॉकअप हा पुष्कळदा नुसती स्प्रिंग असलेला जड दांडा असतो. चढावर तुम्ही उभे राहून जोर लावता तेव्हा त्यातला काही जोर चाक फिरवण्याऐवजी स्प्रिंग दाबण्यात जातो आणि घर्षणाने त्याची उष्णता होते. मोटारसायकलीकडे पाहून घेतलेला हाही एक वेषच. रेट्रोवाल्याने आजोबांचा कोट घातला, याने फटफटीचा. खडबडीत रस्त्यावर धक्का झेलायला डनलॉप यांची हवा अजून पुरेशी आहे. टायर जरा रुंद असावा आणि त्यात हवा बेताची असावी. डिस्क मात्र खरी कामाची, तार वेळेवर आवळली तर. आणि रात्रीसाठी टायरला घासून चालणाऱ्या जुन्या डायनमोपेक्षा एल.ई.डी. दिवा सर्वस्वी सरस, कारण सायकल थांबली की जुना दिवा विझतो, आणि फाट्यावर थांबलेली सायकलच दिसायला हवी असते.

एक भाग असा आहे की जो जुन्या-नव्याच्या भांडणात पडलाच नाही : साखळी. काळ्या सायकलीच्या साखळीत एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचे अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. गिअरच्या महागड्या सायकलीतही नेमके तेवढेच. फक्त साखळीची रुंदी कमी झाली. पट्टी घेऊन एका पिनेपासून तिच्या पुढच्या २४व्या पिनेपर्यंतचे अंतर मोजा. नव्या साखळीत ते बरोबर ३०४.८ मिलिमीटर भरते. तुमचे ३०८ भरले तर साखळी एक टक्का वाढली; ती आता दातेही खाऊ लागेल. जुन्या सायकलीचे साखळीवरचे पत्र्याचे झाकण या दृष्टीने पाहा. आज ते म्हातारे दिसते म्हणून काढून टाकतात, पण पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीचा चिखल साखळीत जाऊ न देणे, हेच त्याचे काम होते.

ब्रेकविषयी मी वर 'असे धरा' म्हटले आहे. खरे आकडे तुम्ही स्वतः काढू शकता. शाळेच्या मोकळ्या मैदानावर (रस्त्यावर मुळीच नाही) शिक्षकांच्या देखरेखीखाली चुन्याची एक रेघ आखा. तिच्यापर्यंत सायकल प्रत्येक वेळी शक्यतो सारख्याच वेगाने आणा. त्यासाठी रेघेआधीचे १० मीटर अंतर किती सेकंदांत कापले ते मित्राने मोजावे. रेघेवर ब्रेक दाबा आणि चाक कोठे थांबते ते टेपने मोजा. असे पाच वेळा करून सरासरी काढा. मग प्रत्येक फेरीआधी तांब्याभर पाणी फक्त रिमवर ओता. जमीन ओली होऊ देऊ नका, नाहीतर टायरची घसरण आणि ब्रेकची घसरण यांची सरमिसळ होईल. पुन्हा पाच वेळा मोजा. वर्गात पोलादी रिमची, अ‍ॅल्युमिनियम रिमची आणि डिस्कची अशा तिन्ही सायकली मिळाल्या तर सहा सरासऱ्या हाती येतील. त्यांवरून मंदन काढा, आणि कोणत्या सायकलीचा आकडा पाण्याने सर्वांत कमी उतरला ते पाहा.