विश्लेषण : पत्नीच्या नावावर कंपनी करताना नेमके काय हस्तांतरित होते?

लोखंड आणि बियाणे ही जालन्याची ओळख. एमआयडीसीतल्या रोलिंग मिल आणि मोठ्या बियाणे कंपन्या यांच्या आधाराने फॅब्रिकेशनचे शेड, सुट्या भागांचे वर्कशॉप, बियाणे पॅकिंग, वाहतूक, कृषी सेवा केंद्रे असे छोटे उद्योग चालतात. यातल्या बहुतेकांचा कारभार एकाच माणसाच्या सहीवर असतो. त्याला आजारपण आले, वय झाले किंवा कर्जाची धास्ती वाटू लागली, की एक सल्ला हमखास मिळतो: ‘वहिनींच्या नावावर करून टाका.’ हे होते, पण ‘नावावर करणे’ हे एक काम नसून चार-पाच वेगवेगळी कामे आहेत. त्यातले एखादे राहून गेले, की पुढे घोळ होतो.

आधी पाहा, ‘कंपनी’ आहे का?

बोलताना आपण सगळ्यालाच कंपनी म्हणतो. एकट्याच्या मालकीचे दुकान किंवा वर्कशॉप, म्हणजे प्रोप्रायटरशिप, ही कायद्याने कंपनी नव्हे. तिथे मालक आणि धंदा एकच. पॅन क्रमांकही मालकाचाच. त्यामुळे अशा धंद्यात ‘नाव बदलून’ मिळत नाही. पत्नीला स्वतःच्या पॅनवर नवा जीएसटी क्रमांक आणि नवी उद्यम नोंदणी घ्यावी लागते. पतीच्या खात्यात शिल्लक असलेले इनपुट क्रेडिट बुडू द्यायचे नसेल, तर आयटीसी-०२ हा फॉर्म भरून ते तिच्याकडे वळवता येते. जुना क्रमांक रद्द करण्याआधी हे करावे. अनेक जण नेमके उलटे करतात.

कृषी सेवा केंद्राची गोष्ट आणखी वेगळी. बियाणे, खते आणि कीटकनाशके यांचे परवाने स्वतंत्र असतात. कीटकनाशकांच्या परवान्यासाठी ठरावीक पदवी किंवा ‘देसी’सारखी पदविका असलेला माणूस लागतो. तो पती असेल आणि तोच बाजूला होणार असेल, तर पात्रतेचा प्रश्न आधी सोडवावा लागेल.

प्रायव्हेट लिमिटेड असेल तर?

इथे मालकी म्हणजे शेअर. पती किंवा पत्नी बदलली तरी कंपनीचा पॅन आणि जीएसटी क्रमांक तोच राहतो. शेअर कागदी असतील तर एसएच-४ हा हस्तांतरण फॉर्म दोघांनी सही करून, सहीच्या तारखेपासून ६० दिवसांत कंपनीकडे द्यायचा. संचालक मंडळ ठराव करून सभासदांच्या नोंदवहीत नाव चढवते आणि महिन्याच्या आत प्रमाणपत्र देते. शेअर विकले असतील तर मुद्रांक शुल्क किमतीच्या ०.०१५ टक्के, म्हणजे लाखाला १५ रुपये. कंपनीच्या नियमावलीत ‘आधी इतर भागधारकांना विचारा’ अशी अट आहे का, हेही पाहावे.

नवरा-बायकोच्या कंपनीत एक खड्डा कायम असतो. समजा, पतीकडे ९,९९९ शेअर आणि पत्नीकडे एक. पतीने सगळे तिला दिले, तर कंपनीत सभासद उरतो एकच. प्रायव्हेट कंपनीला किमान दोन सभासद आणि दोन संचालक लागतात. एकच सभासद ठेवून सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ धंदा सुरू ठेवला, तर त्यानंतरच्या देण्यांची जबाबदारी त्या सभासदावर व्यक्तिशः येऊ शकते. म्हणून एक-दोन शेअर पतीकडेच ठेवावेत किंवा सज्ञान मुलाला द्यावेत. एकल व्यक्ती कंपनी असेल तर पत्नी बहुधा नॉमिनी असते. ती मालक झाली की नॉमिनी म्हणून दुसरे कुणीतरी नेमावे लागते.

शेअर दिले म्हणजे संचालकपद गेले असे नाही. त्यासाठी पत्नीची लेखी संमती, तिचा डीआयएन आणि डिजिटल सही लागते, तसेच ३० दिवसांत डीआयआर-१२ भरावा लागतो. संचालक बदलल्याची दुरुस्ती जीएसटी नोंदणीतही १५ दिवसांत करायची असते. पतीने राजीनामा दिला तरी त्याच्या कारकीर्दीतल्या चुकांची जबाबदारी त्याच्यावरच राहते.

कर वाचतो का?

बहुतेकांचा खरा प्रश्न हाच. पत्नीला शेअर भेट दिले, तर त्या भेटीवर दोघांनाही कर नाही. इथपर्यंत ठीक. पण त्या शेअरवर पुढे जो लाभांश मिळेल तो आयकराच्या ‘क्लबिंग’ नियमाने पतीच्याच उत्पन्नात धरला जातो. तिने ते शेअर पुढे विकले तर नफाही पतीच्याच माथी. नव्या आयकर कायद्यानेही हा नियम ठेवला आहे. तिने स्वतःच्या पैशातून वाजवी किमतीला शेअर विकत घेतले तर क्लबिंग लागत नाही, मात्र पतीला भांडवली नफ्यावर कर भरावा लागू शकतो. थोडक्यात, केवळ कर वाचवण्यासाठी भेट देण्यात फारसा अर्थ नाही.

आणि भेट ती भेटच. घरात बिनसले म्हणून ती परत मागता येत नाही.

बँक आणि एमआयडीसी काय म्हणेल?

सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. कॅश क्रेडिट किंवा मुदत कर्ज घेताना पतीने दिलेली वैयक्तिक हमी शेअरबरोबर पत्नीकडे जात नाही. बँक लेखी मोकळीक देत नाही तोवर ती पतीच्याच डोक्यावर राहते. उलट, मालकी बदलण्याआधी बँकेची परवानगी घ्यावी, अशी अट कर्जाच्या करारात बहुधा असतेच. बँक अनेकदा पतीची हमी कायम ठेवून वर पत्नीचीही मागते. कर्जातून सुटण्यासाठी केलेला बदल अशा वेळी दोघांनाही अडकवतो.

एमआयडीसीचा भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो. तो पतीच्या वैयक्तिक नावावर असेल, तर महामंडळाच्या लेखी परवानगीशिवाय पत्नीच्या नावावर करता येत नाही. ‘पत्नीला बक्षीसपत्र अवघ्या २०० रुपयांच्या मुद्रांकात होते’ हे आपण ऐकलेले असते. ते खरे आहे, पण ती सवलत राहत्या घराला आणि शेतजमिनीला. शेडला नाही.

नॉमिनी लावला की झाले?

नाही. इथे मुंबईतले एक प्रकरण पाहण्यासारखे आहे. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने एका विधवेचा दावा फेटाळला होता. तिच्या पतीने शेअरसाठी भाच्या-पुतण्यांच्या नात्यातल्या एकाला नॉमिनी केले होते, म्हणून शेअर त्यालाच मिळतील, असे न्यायालयाने म्हटले. पुढे ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या वारशाच्या वादात उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१६ मध्ये हे मत नाकारले. सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी त्यावर शिक्कामोर्तब केले. नॉमिनी हा तात्पुरता सांभाळणारा. मालक ठरतो तो मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने.

याचा अर्थ पत्नीला नॉमिनी केले तरी कंपनी आपोआप तिची होत नाही. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यानुसार पत्नी, मुलगे, मुली आणि पतीची आई यांना समान वाटा मिळतो. सासूबाई आणि दोन मुले असतील, तर पत्नीच्या वाट्याला २५ टक्केच येतात. सुन्नी मुस्लिम कुटुंबात मुले असतील तर पत्नीचा वाटा एक अष्टमांश असतो, आणि इतर वारसांच्या संमतीशिवाय पत्नीला मृत्युपत्राने काहीही देता येत नाही, कारण ती स्वतः वारस असते. ज्यांना कारभार पत्नीकडेच राहावा असे वाटते, त्यांनी हयातीत शेअर द्यावेत किंवा स्पष्ट मृत्युपत्र करावे.

सही करणारीने काय विचारावे?

महिला उद्योजकांसाठीच्या योजना आणि सरकारी खरेदीतला ३ टक्के राखीव हिस्सा यासाठी अनेक ठिकाणी ५१ टक्के मालकी पत्नीच्या नावावर केली जाते. व्यवहार मात्र जुन्याच माणसाकडे राहतात. ‘सरपंचपती’ आपल्याला माहीत आहेत, ‘संचालकपती’ही कमी नाहीत. पण प्रायव्हेट कंपनीचा थकीत जीएसटी वसूल झाला नाही, तर तो संचालकांकडून घेता येतो. निष्काळजीपणा आपला नव्हता, हे त्यांनाच सिद्ध करावे लागते. चेक परत गेला तर त्यावर सही करणारी व्यक्तीही आरोपी होते.

पुण्याच्या थरमॅक्सची सूत्रे १९९६ मध्ये पतीच्या निधनानंतर अनु आगा यांच्याकडे आली, तेव्हा त्या आधीची अनेक वर्षे त्याच कंपनीत मनुष्यबळ विभागात काम करत होत्या. जालन्यातल्या छोट्या शेडमध्ये एवढे शक्य नसेल, तरी संमतीपत्रावर सही करण्याआधी तीन वर्षांचे ताळेबंद, जीएसटीची थकबाकी, कर्जाची मंजुरीपत्रे आणि पुढच्या तारखांचे दिलेले चेक किती आहेत, एवढे तरी पत्नीने मागून घ्यावे. सीएची फी पतीने भरली असली, तरी त्याच्याशी निदान एकदा तिने स्वतः बोलावे.