बसून राहिलेली मोटार

बैल आजारी पडला आणि दोन महिने गोठ्यात बसून राहिला. तो उभा राहिला म्हणजे त्याच दिवशी त्याला जुंपून आपण घाट चढवतो का? नाही. आधी त्याचे खूर पाहतो. त्याला थोडे चालवून पाहतो. मग हलके ओझे देतो. मोटारीचेही तसेच आहे.

समजा, घरातला मुलगा परगावी नोकरीला गेला. त्याची जुनी पेट्रोलची जीप मागच्या छपरात उभी राहिली. दोन पावसाळे गेले. आता घरात लग्न निघाले. लगेच कोणीतरी म्हणतो, "चार माणसं लावा. धक्का मारा. होतीय की चालू!"

उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, त्यातलीच ही गोष्ट. इंजिन चालू झाले, गाडीत वऱ्हाड बसले. पण घाटाच्या उतारावर ती गाडी थांबेल का? हे कुणी विचारीत नाही. आम्ही सांगतो, गाडी चालते का हे मागून पाहा. ती थांबते का हे आधी पाहा.

उभी गाडी विश्रांती घेते, असे आपल्याला वाटते. पण तसे नसते बरे! उभ्या गाडीचे लोखंड गंजते. रबर सुकते. पेट्रोल नासते. म्हणून एकेक काम क्रमाने करावे.

छपराचे दार सताड उघडा. गाडीखाली काठी आपटा. साप-विंचू असला तर निघून जाईल. मग बॉनेट उघडा. उंदीर आत घर करतात आणि तारा कुरतडतात. उघड्या तारेची ठिणगी पडली तर गाडी पेटते. कुरतडलेली तार दिसली, तर ती बदलल्याशिवाय बॅटरी जोडू नका.

बॅटरी तर उतरलेली असणारच. ती काढून चार्ज करायला द्या. काढताना वजा खुणेची तार आधी सोडा. बसवताना तीच तार शेवटी जोडा. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. तिच्याजवळ विडी ओढू नका.

आता पेट्रोल. काही महिन्यांत त्यातला हलका भाग उडून जातो. मागे चिकट गाळ राहतो. त्याने बारीक छिद्रे बुजतात. म्हणून जुने पेट्रोल मोकळ्या जागी, विस्तवापासून लांब काढा. ते विहिरीजवळ ओतू नका. चुलीत तर मुळीच नको. इंजिनचे तेलही नवे घाला. रेडिएटरमध्ये पाणी आहे का ते पाहा.

लगेच चावी फिरवू नका. इंजिनचे प्लग काढा. प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन तेल सोडा आणि रात्रभर थांबा. सकाळी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पान्याने इंजिन हातानेच फिरवून पाहा. सहज फिरले तर ठीक. अडले तर जोर करू नका. मिस्त्रीला बोलवा. धक्का मारून अडलेले इंजिन मोडते, सुटत नाही.

आता सगळ्यांत मोठे काम. ते म्हणजे ब्रेक.

आपल्या पायाचा जोर चाकापर्यंत कोण नेते? ब्रेकचे तेल नेते. पण हे तेल हवेतली ओल पिते. उतारावर ब्रेक तापतो. मग तेलातल्या पाण्याची वाफ होते. तेल दाबून दबत नाही, पण वाफ दबते. पाय खाली जातो आणि गाडी पुढे पळते. म्हणून ब्रेकचे जुने तेल सगळे काढून नवे घालावे. आत हवा राहू देऊ नये. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली, तर तेल गळते आहे असे समजा. हे काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्या. चार पैसे जातील, पण माणसे वाचतील. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये. खाली लाकडाचे भक्कम ठोकळे द्यावे.

टायरवर भेगा आहेत का ते पाहा. टायरचे वय तुम्हाला वाचता येते. त्याच्या अंगावर चार आकडे उठवलेले असतात. '2318' असे असेल, तर तो टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात झाला. नक्षी चांगली दिसली, तरी जुने रबर फुटते.

इंजिन चालू करताना गाडी उघड्यावर आणा. तिच्या धुरात एक विषारी वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद छपरात तो माणसाचा जीव घेतो.

मग सपाट जागी गाडी माणसाच्या चालीने चालवा. ब्रेक दाबा. थांबली? पुन्हा करा. पायाखाली ब्रेक मऊ लागला, किंवा हळूहळू खाली गेला, तर गाडी तिथेच उभी करा.

रस्त्यावर येण्याआधी कागद काढून वाचा. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे ती दर ५ वर्षांनी नवी करावी लागते. विम्याची तारीख पाहा. धुराच्या दाखल्याची पाहा. विमा संपलेला असताना अपघात झाला, तर भरपाई मालकाच्या अंगावर येते. शेत विकायची पाळी येते.

पुन्हा कधी गाडी ठेवायची झाली, तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, तो चिकटून बसतो. चाकाला लाकडाची उटी लावा. बॅटरीची तार सोडून ठेवा.

या साऱ्याला चार-पाच दिवस लागतील. लग्नाची तारीख जवळ आली असेल, तर खुशाल एस.टी.ने जा. जीप नंतर काढू. वऱ्हाड सुखरूप पोचले पाहिजे.