परवाना नर्सचा, जबाबदारी कुणाची?

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत कुणीही स्वतःला प्रशिक्षित नर्स म्हणवून घेऊ शकत असे. रुग्णालयात दोन-तीन वर्षे राबून शिकलेली बाई आणि टपालाने धडे मागवून प्रमाणपत्र मिळवलेली बाई एकाच गावात काम मागत. नर्सिंगचे बरेचसे काम तेव्हा लोकांच्या घरी चाले, त्यामुळे दारात आलेली बाई खरोखर शिकलेली आहे का, हे रुग्णाच्या घरच्यांना कळायचे कसे? नोंदणीची मागणी या प्रश्नातून उभी राहिली.

न्यूझीलंडने १९०१ मध्ये परिचारिका नोंदणीचा कायदा करून वाट दाखवली. अमेरिकेत असे कायदे करणे राज्यांच्या हाती होते. नॉर्थ कॅरोलिनात मेरी लुईस वाइच यांनी १९०२ मध्ये परिचारिकांची संघटना बांधली आणि विधिमंडळाकडे पाठपुरावा केला. मार्च १९०३ मध्ये तिथे देशातला पहिला नोंदणी कायदा झाला. त्याच वर्षी न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि व्हर्जिनियाही या मार्गाने गेले. अमेरिकेतल्या स्त्रियांना देशभर मताधिकार मिळायला तेव्हा १७ वर्षे अवकाश होता. मतपेटीपाशी जागा नसलेल्या बायकांनी स्वतःच्या व्यवसायाचा कायदा करून घेतला, याचे मोल फार मोठे आहे.

१९२३ पर्यंत सर्व ४८ राज्यांत कायदे झाले, पण त्यांची धाव बेताची होती. नोंदणी नसेल तर ‘नोंदणीकृत नर्स’ म्हणवता येत नसे, इतकेच; काम मात्र कुणालाही करता येई. कामालाच परवाना हवा, असा कायदा न्यूयॉर्कने १९३८ मध्ये प्रथम केला. महायुद्धात नर्सेसचा तुटवडा पडला आणि त्याची पूर्ण अंमलबजावणी लांबली.

या इतिहासाला एक काळी किनारही आहे. दक्षिणेकडच्या अनेक राज्यांत व्यावसायिक संघटनांची दारे कृष्णवर्णीय परिचारिकांना बंद होती. त्यांनी १९०८ मध्ये मार्था मिनर्व्हा फ्रँकलिन यांच्या पुढाकाराने स्वतंत्र राष्ट्रीय संघटना उभारली. कायद्याने गुणवत्ता मोजायची आणि समाजाने रंग पाहायचा, या विसंगतीशी त्या चार दशकांहून अधिक काळ झुंजल्या.

परीक्षा आधी प्रत्येक राज्याची निराळी असे. १९४४ पासून राज्ये सामाईक प्रश्नसंच वापरू लागली. १९८२ मध्ये आजची ‘एनक्लेक्स’ परीक्षा आली आणि १९९४ मध्ये ती संगणकावर गेली. प्रत्येक उत्तरानुसार पुढच्या प्रश्नाची काठिण्यपातळी ठरू लागली. एप्रिल २०२३ पासून तिच्या नव्या रूपात रुग्णाची लक्षणे, तपासण्या आणि नोंदी समोर ठेवून आधी काय करायचे, हे विचारले जाते. वॉर्डात रात्रपाळीला हाच निर्णय घ्यावा लागतो. भारतातून तिकडे जाणाऱ्या नर्सेसही ही परीक्षा देतात. महाराष्ट्रातून जाणारीला त्याआधी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमधल्या आपल्या नोंदणीची पडताळणी करून घ्यावी लागते.

परीक्षा एक झाली, तरी परवाना राज्याचाच राहिला. नवऱ्याची बदली झाली की नवा अर्ज, नवी फी, नवी वाट पाहणे. यावर उपाय म्हणून २००० मध्ये काही राज्यांनी एकमेकांचे परवाने मानणारा करार अमलात आणला. २०१८ मध्ये त्याचे सुधारित रूप आले. आज ४० हून अधिक राज्ये व प्रदेश त्यात आहेत. कोविडच्या साथीत करारापलीकडच्या राज्यांनाही परराज्यातल्या नर्सेससाठी तातडीने नियम शिथिल करावे लागले.

परवान्याची गरज मात्र कमी झालेली नाही. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडातल्या काही नर्सिंग शाळांनी ७,६०० हून अधिक बनावट पदविका विकल्याचे प्रकरण उघडकीस आले. त्या घेणाऱ्यांपैकी कित्येक जण परवाना परीक्षाही उत्तीर्ण झाले होते. रुग्णाजवळ प्रत्यक्ष शिकण्यात घालवलेल्या तासांची जागा कोणतीही परीक्षा घेऊ शकत नाही, हे त्यातून दिसले.

या सगळ्या वाटचालीत एक बाजू उपेक्षित राहिली आहे. चूक झाली तर नर्सचा परवाना जातो. पण तिच्या एकटीवर किती रुग्ण सोपवले होते, याचा जाब बहुतेक ठिकाणी कुणाला द्यावा लागत नाही. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची पाहणी होती. नर्समागे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली त्यात आढळली. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये नर्समागे रुग्णसंख्येची मर्यादा कायद्यात आणली आणि २००४ पासून ती लागू केली. अतिदक्षता विभागात एका नर्सकडे दोनच रुग्ण देता येतात. परस्पर करारात कॅलिफोर्निया सामील नाही, पण या बाबतीत इतर राज्यांनी त्याचाच धडा गिरवायला हवा.

सव्वाशे वर्षांत कायद्याने नर्सकडून शिक्षण मागितले, परीक्षा मागितली, वर्तनाची हमी मागितली, आणि ते योग्यच होते. आता तीच कसोटी रुग्णालयांना लावली पाहिजे. नर्सकडे परवाना नसेल तर तिला काम करता येत नाही. तसेच पुरेशा नर्सेस नसतील तर रुग्णालयालाही खाटा भरता येऊ नयेत.