बॉनेटवरचं कुंकू, बोअरचं पाणी आणि माझे गेलेले साडेपाच हजार

कार वॉशिंगच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न म्हणजे "सर, हट्टी डाग कसे काढायचे?" प्रश्न बरोबर आहे, कारण धुण्यात मार्जिन फारसं नाही. शंभर-दोनशे रुपयांत गल्लीतला कुणीही गाडी धुऊन देतो. डाग काढायला मात्र माणूस शोधत येतो, आणि पैशाचं बोलायला लाजतही नाही.

आपल्या धाराशिवचा नंबर एकचा डाग कोणता? डांबर नाही, पक्ष्याची शीटही नाही. हळद-कुंकू! नवी गाडी घेतली की आधी तुळजापूर. बॉनेटवर स्वस्तिक, हार, नारळ, चाकाखाली लिंबू. नवरात्रात आणि कोजागरीच्या आसपास माझ्याकडे येणाऱ्या पांढऱ्या गाड्यांपैकी निम्म्यांच्या बॉनेटवर पिवळा-गुलाबी नकाशा असतो.

पहिली चूक मालक घरीच करून येतो. तो कपड्याची पावडर घेऊन घासतो, आणि पिवळा डाग लालभडक होतो. घाबरू नका, रंग जळलेला नाही. हळदीतलं कर्क्युमिन क्षारी पदार्थाला लागलं की लाल होतं. कुंकू पूर्वी हळदीला चुना लावूनच करायचे, तेच इथे बॉनेटवर घडतं. म्हणून कपड्याची पावडर नको, भांड्याचा साबणही नको. गाडीचा न्यूट्रल पीएच शाम्पूच घ्यायचा.

माझी पद्धत सांगतो. गाडी सावलीत लावून बॉनेट हाताला थंड लागेपर्यंत थांबायचं. कोरडं कुंकू फडक्याने पुसायचं नाही, त्यातले कण ओरखडे पाडतात. आधी हवेने उडवायचं, मग भरपूर पाणी सोडायचं. स्वस्तिक बऱ्याचदा तुपात किंवा तेलात कालवून काढलेलं असतं, त्यामुळे शाम्पूचा फेस दोन-तीन मिनिटं ठेवावा लागतो. एवढं करूनही पिवळेपणा राहिला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं मिसळायचं, मायक्रोफायबर ओला करून डागावर अर्धा मिनिट ठेवायचा आणि न घासता उचलायचा. कापडाची घडी बदलत हेच तीन-चार वेळा. आधी दरवाजाच्या आतल्या कडेला थोडं लावून बघायचं, कारण बाहेर पुन्हा रंगवलेल्या पॅनलवर अल्कोहोल कधीकधी चमक मारतं. शेवटची हलकी पिवळी झाक राहिली तर सोडून द्या. हळद उन्हात विटते, आणि ऊन आपल्याकडे फुकट आहे! बाजारातल्या रंगीत कुंकवाचं तसं नाही, त्याला पॉलिश लागतं.

एक गोष्ट मी चुकून शिकलो. एका काकूंची गाडी चकाचक करून दिली आणि त्यांचा चेहरा उतरला. "अहो, देवीचं स्वस्तिक होतं ते, पुसलंत कशाला?" तेव्हापासून जॉब कार्डवर पहिला प्रश्न हाच: स्वस्तिक ठेवायचं की काढायचं?

दुसरा डाग बोअरच्या पाण्याचा. आपला भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा, बोअर खोल आणि पाणी जड. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला 500 मिलीग्रॅम आहे. टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो, तुमच्या बोअरचं पाणी एकदा मोजाच. उन्हात गाडी धुतली की पाणी उडून जातं आणि क्षाराचे पांढरे गोल मागे राहतात. ताजे असतील तर एक भाग पांढरं व्हिनेगर, दोन भाग डिस्टिल्ड वॉटर. मिनिटभर ठेवून लगेच धुवायचं. काही जण संडास धुवायचं ॲसिड वापरतात. हात जोडून सांगतो, नको. क्रोम काळं पडतं, आणि एक थेंब डोळ्यात गेला तर धंदा राहतो बाजूला. मी शेवटचं पाणी आरओचं मारतो. आरओतून बाहेर पडणारं पाणी मात्र गाडीवर अजिबात नाही, त्यात क्षार आणखी जास्त असतात.

डांबर सोपं आहे. सोलापूर-धुळे हायवेवर कुठे ना कुठे काम चालू असतंच. टार रिमूव्हर लावा, नसेल तर फडक्यावर थोडं रॉकेल, आणि नंतर शाम्पू नक्की, नाहीतर तेलकट थरावर धूळ बसते.

आता साडेपाच हजारांची गोष्ट. दुकान सुरू करून पाच महिने झाले होते. काळी सेडान आली, बॉनेटवर शीटेचे जुने खड्डे. अशी शीट उन्हात नुसती वर बसत नाही, क्लिअर कोटमध्ये खड्डा पाडते. मी मशीन आणि कंपाउंड घेतलं, दाब वाढवला आणि कडेवर जरा जास्त थांबलो. काळ्यातून राखाडी प्रायमर दिसला. कंपनीच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन असतात, त्यात वरचा क्लिअर कोट साधारण 40-50. कडेवर तो आणखी पातळ. आठशे रुपयांच्या कामासाठी बॉनेट रंगवून द्यायला साडेपाच हजार खिशातून गेले. मालकाला मीच फोन करून सांगितलं. तो चिडला, पण नंतर त्याने भावाची गाडी पाठवली.

त्यानंतर पेंट थिकनेस मीटर घेतला आणि कडांवर मास्किंग टेप लावायला लागलो. आता काम घेण्याआधी हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून, धुतलेल्या रंगावरून बोटं फिरवतो. खरखरीत लागलं तर डाग वर बसलाय, क्ले बारने निघतो. गुळगुळीत असूनही दिसत असेल तर तो आत गेलाय. तिथे पॉलिश, तेही थोडं. ग्राहकाला मोबाईलवर फोटो काढून दाखवतो आणि किती जाईल ते कार्डावर लिहितो. "80 टक्के" लिहिलं आणि 90 गेलं तर तो चहा पाजतो. "पूर्ण जाईल" म्हणालात आणि एक ठिपका राहिला, तर तो त्या ठिपक्यावरच बोट ठेवून पैसे कापतो.

भाव मी डागावर नाही, पॅनलवर ठेवलाय. एका डागासाठीसुद्धा अख्खं बॉनेट करावं लागतं, नाहीतर तेवढाच चौकोन चमकतो आणि बाकीची गाडी जुनी दिसते.